फवारणी, विषबाधा आणि दक्षतेचे कर्तव्य

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना अडाण नदीच्या काठी बोरी अरब हे गाव लागते. सभोवतालची जमीन काळी, आणि पीक मुख्यत्वे कापसाचे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पऱ्हाटी छातीला लागू लागली की पाठीवर पंप घेतलेला मनुष्य हे या भागातील शिवारांचे नित्याचे दृश्य होय. हा मनुष्य पुष्कळदा शेताचा मालक नसतो. तो रोजाने आलेला मजूर किंवा वर्षाच्या बोलीवर राहिलेला सालदार असतो. पंप दुसऱ्याचा, औषध दुसऱ्याने आणलेले, कोणते औषध किती पाण्यात घालावयाचे हेही दुसऱ्यानेच ठरविलेले. त्या कामात त्याचे स्वतःचे असे शरीर तेवढे असते. या शरीरास इजा झाली तर तिची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न २०१७ च्या खरीप हंगामाने यवतमाळ जिल्ह्यापुढे आणि पर्यायाने साऱ्या देशापुढे उभा केला.

त्या वर्षी पावसाळ्याच्या मध्यापासूनच फवारणी करणारे शेतकरी व शेतमजूर उलट्या, चक्कर, डोळ्यांची आग, दृष्टी अंधुक होणे, श्वासास अडथळा अशा तक्रारी घेऊन दवाखान्यांत येऊ लागले. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अशा शेकडो रुग्णांवर उपचार झाले. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक जण दगावले. राज्य शासनाने मृतांच्या वारसांना प्रत्येकी २ लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले, अमरावती विभागाच्या आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले, आणि पश्चिम विदर्भातील जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीस ६० दिवसांची बंदी केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिकाही दाखल झाली.

या साऱ्या काळात गावोगावी एक वाक्य हमखास ऐकावयास मिळे : ‘त्याने तोंडाला काही बांधले नव्हते.’ हे वाक्य खरे असेलही. परंतु ते उच्चारले की चौकशी संपते, असा जो समज आहे तो कायद्यास मान्य नाही. कायदा त्याच्या अलीकडचा प्रश्न विचारतो : तोंडाला बांधावयास त्याला काही दिले होते काय? आणि देणे कोणाचे काम होते?

अपराध आणि अपकृत्य

एखाद्याच्या हयगयीमुळे दुसऱ्यास इजा झाली तर कायद्याच्या दोन वाटा खुल्या होतात. पहिली फौजदारी. हयगयीने मृत्यू घडविणे आणि विषारी पदार्थ निष्काळजीपणे हाताळणे हे पूर्वी भारतीय दंड संहितेच्या अनुक्रमे ३०४-अ आणि २८४ या कलमांखाली अपराध होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या १०६ व २८६ या कलमांत आले आहेत. या वाटेने गेल्यास अपराध्यास शिक्षा होते. पण ज्याचे डोळे अधू झाले, त्याच्या घरची चूल त्या शिक्षेने पेटत नाही.

दुसरी वाट दिवाणी आहे. तिला अपकृत्याचा कायदा म्हणतात. हा कायदा आपल्याकडे एका संहितेत लिहिलेला नाही. इंग्लंडमधील न्यायनिर्णयांतून तो घडला आणि न्याय, समता व सदसद्विवेक यांना धरून भारतीय न्यायालयांनी तो स्वीकारला. या कायद्याखाली भरपाई मागणाऱ्यास तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. समोरच्या व्यक्तीवर आपल्याबाबत काळजी घेण्याचे, म्हणजेच दक्षतेचे, कर्तव्य होते. ते त्याने मोडले. आणि त्या मोडण्यातूनच आपणास इजा झाली. येथे हेतू पाहावा लागत नाही. कोणाचेही वाईट चिंतिले नव्हते, हा बचाव या दाव्यात निरर्थक ठरतो.

ही गोष्ट समजण्यास यवतमाळ जिल्ह्यातीलच एक घटना पुरेशी आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे पल्स पोलिओ मोहिमेत पाच वर्षांखालील १२ बालकांना लसीऐवजी हात निर्जंतुक करावयाच्या द्रावणाचे थेंब पाजले गेले. बालकांना यवतमाळच्या रुग्णालयात ठेवावे लागले. सुदैवाने ती बरी झाली. तेथे कोणाच्याही मनात बालकांविषयी वैर नव्हते. उलट त्यांच्या हितासाठीच सारी मंडळी जमली होती. तरीही थेंब पाजण्यापूर्वी कुपी पाहणे हे कर्तव्य होते आणि ते पाळले गेले नाही. कर्तव्यभंगाचे एवढे स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकातही क्वचित सापडेल.

शेजारी कोण?

दक्षतेचे कर्तव्य कोणाबाबत असते, या प्रश्नाचे उत्तर एका बाटलीने दिले. १९२८ मध्ये स्कॉटलंडमधील पेझली गावी एका बाईस मैत्रिणीने एका उपाहारगृहात पेय घेऊन दिले. बाटली अपारदर्शक होती. निम्मे पेय संपल्यावर उरलेल्या भागातून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, अशी त्या बाईची तक्रार होती. पैसे मैत्रिणीने दिलेले असल्याने बाईचा दुकानदाराशी करार नव्हता, आणि कारखानदाराशी तर नव्हताच. मग दावा कशाच्या आधारे? इंग्लंडच्या उमराव सभेने १९३२ मध्ये या डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन खटल्यात सांगितले की कराराची गरजच नाही. आपल्या कृतीचा किंवा ढिलाईचा ज्याच्यावर निकट परिणाम होईल हे आपल्याला आधीच दिसावयास हवे, तो कायद्याच्या दृष्टीने आपला शेजारी होय, आणि त्याच्याबाबत काळजी घेणे आपणास बांधील आहे.

पेयाची बाटली आणि कीटकनाशकाची बाटली यांत फरक एवढाच की दुसरीत विष आहे हे बनविणाऱ्यास ठाऊकच असते. बोरी अरबच्या सालदाराने ती बाटली विकत घेतलेली नसते. कंपनीशी, विक्रेत्याशी त्याचा कागदोपत्री कसलाही संबंध नसतो. तथापि ती बाटली शेवटी त्याच्याच हाताने उघडली जाणार, हे कंपनीपासून शेतमालकापर्यंत प्रत्येकास माहीत असते. या अर्थाने तो या सर्वांचा शेजारी ठरतो. (आपल्या बोलीत कीटकनाशकास ‘औषध’ म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्द जीभेवर इतका रुळला आहे की तो बदलणे शक्य दिसत नाही. परंतु विषाला औषध म्हटल्याने त्याची भीती कमी होते, हे कृषी विस्ताराचे काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावयास हवे.)

भंग केव्हा होतो?

कर्तव्य असणे आणि ते मोडले जाणे या वेगळ्या बाबी आहेत. प्रत्येक अपघात म्हणजे कर्तव्यभंग नव्हे. त्या परिस्थितीत सामान्य शहाणपणाचा, सावध मनुष्य काय करता, ही कसोटी आहे. देवदूताने काय केले असते, ही नव्हे. सावध मनुष्य तीन गोष्टींचा तोल पाहतो. धोका किती संभवनीय आहे, घडल्यास इजा किती गंभीर होईल, आणि तो टाळण्यास खर्च व श्रम किती पडतील.

उमराव सभेचे १९५१ च्या निर्णयसंग्रहात आलेले दोन निवाडे शेजारी ठेवले की हा तोल स्पष्ट होतो. एका खटल्यात क्रिकेटच्या मैदानावरून उंच टोलविलेला चेंडू कुंपणापलीकडच्या रस्त्यावरील बाईस लागला. सुमारे ३० वर्षांत जेमतेम सहा वेळा चेंडू असा रस्त्यावर गेला होता. धोका अत्यल्प म्हणून क्लब जबाबदार ठरला नाही. दुसऱ्या खटल्यात स्टेपनी येथील नगरसंस्थेच्या मोटार-दुरुस्तीशाळेत एका डोळ्याने जवळजवळ अंध असलेल्या कामगाराच्या चांगल्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला आणि तो पूर्ण अंध झाला. त्या कामावर संरक्षक चष्मा देण्याचा रिवाज नव्हता. तरीही न्यायमूर्तींच्या बहुमताने मालक संस्था जबाबदार ठरली. त्याचा उरलेला एक डोळा गेला तर सर्वस्व जाईल हे मालकास ठाऊक होते, आणि चष्म्याची किंमत ती काय!

आता हाच तोल २०१७ च्या शिवारास लावून पाहू. जुलैमध्ये पहिला रुग्ण आला तेव्हा ‘हे असे होईल हे आम्हास कसे कळावे’ असे म्हणणाऱ्यास थोडी तरी जागा होती. सप्टेंबरमध्ये, रुग्णालयातील खाटा भरल्यावर, ती जागा उरली नाही. पूर्वकल्पना जसजशी वाढते तसतसे कर्तव्य कडक होत जाते. कालची माफक काळजी आज अपुरी ठरते. त्या वर्षी पऱ्हाटी नेहमीपेक्षा उंच वाढली होती, दमट हवा होती, बारीक तुषार उडविणारे बॅटरीवरील पंप वापरात होते, आणि दोन-तीन कीटकनाशके एकत्र करून मारण्याची रीत पसरली होती, अशी कारणे पुढे आली. डोक्याइतक्या उंच पिकात हात वर करून फवारणी केली म्हणजे तुषार अंगावरच उतरतात. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील विषे तोंडावाटेच नव्हे तर त्वचेतून व श्वासातूनही शरीरात जातात आणि मज्जातंतूंचे काम नियमित ठेवणाऱ्या कोलिनेस्टरेज या द्रव्यास निकामी करतात. हे सर्व आता छापून, सांगून, अनुभवून झालेले आहे. २०१७ नंतर यवतमाळ जिल्ह्यात मजुराच्या पाठीवर पंप देणाऱ्या कोणासही धोक्याची कल्पना नव्हती, असे कोणत्याही न्यायालयात म्हणता येणार नाही.

काळजी किती घ्यावी याचे मोजमापही लिहून ठेवलेले आहे. कीटकनाशक अधिनियम १९६८ मध्ये झाला आणि त्याखालील नियम १९७१ मध्ये. कीटकनाशकाच्या निर्मितीपासून प्रत्यक्ष वापरापर्यंत ते हाताळणाऱ्या व्यक्तींना योग्य संरक्षक पोषाख असावा, असे हे नियम सांगतात. टोपीसह अंगभर बाह्यवस्त्र, अर्ध्या हातापर्यंत येणारे रबरी हातमोजे, धूळ-प्रतिबंधक चष्मा, बूट; आवश्यक तेथे श्वसनाचे संरक्षक साधन. डब्यासोबतच्या माहितीपत्रकात विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार आणि उतारा यांची माहिती असलीच पाहिजे, आणि ती प्रदेशाच्या भाषेतही असली पाहिजे.

कोणी म्हणेल, भाद्रपदाच्या उकाड्यात रबरी पोषाख घालून दहा पंप मारून दाखवा. हा आक्षेप पोकळ नाही. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष ‘म्हणून काहीच नको’ असा नसून ‘म्हणून कामाची पद्धत बदला’ असा आहे. १९३७ मध्ये एका कोळसा खाणीच्या खटल्यात उमराव सभेने ठरविले की योग्य सहकारी, योग्य साधने आणि कामाची सुरक्षित पद्धत पुरविणे हे मालकाचे व्यक्तिगत कर्तव्य असून ते दुसऱ्यावर सोपवून त्याची सुटका होत नाही. शेतात सुरक्षित पद्धत म्हणजे सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर फवारणी, वाऱ्याच्या दिशेने चालणे, डोक्यावर गेलेल्या पिकात हातपंपाने फवारणी न करणे, एका माणसाकडून सलग दिवसेंदिवस तेच काम न घेणे, साबण-पाण्याची सोय, आणि तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू न देणे. यातील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. पाच एकर कोरडवाहूचा धनी म्हणजे खाणमालक नव्हे हे खरे, आणि न्यायालय ते लक्षात घेईल. मात्र हातमोजे व चष्मा एका डब्याच्या किमतीच्या मानाने महाग आहेत, असे त्यासही म्हणता यावयाचे नाही.

‘त्यालाच कळावयास हवे होते’

प्रतिवादी पक्षाचा ठरलेला बचाव असा की, धोका माहीत असून मजूर कामावर आला, सबब त्याने तो पत्करला. १८९१ च्या स्मिथ विरुद्ध बेकर खटल्यात खडकात छिद्रे पाडणाऱ्या कामगाराच्या डोक्यावरून यारीने दगड नेले जात. त्याला ते माहीत होते, तरी तो काम करीत राहिला. एक दगड पडून तो जखमी झाला. धोका ठाऊक असणे म्हणजे धोक्यास संमती देणे नव्हे, असा निर्णय झाला. रोजीसाठी काम सोडता येत नाही, याला संमती म्हणत नाहीत.

दिलेली साधने मजुराने वापरली नाहीत तर? तेव्हा त्याची स्वतःची हयगयही मोजली जाईल आणि भरपाई त्या प्रमाणात कमी होईल. ती सरसकट नाहीशी होणार नाही. तसेच साधने गोठ्यातील खुंटीला टांगून ठेवणे म्हणजे देणे नव्हे. ती कशी वापरावयाची हे सांगणे आणि वापरली जातात की नाही यावर नजर ठेवणे, हा कर्तव्याचाच भाग आहे.

साखळीतील इतर

विक्रेता हा केवळ डबा देणारा नसतो. शेतकरी पाने दाखवितो, कृषी केंद्रवाला औषध सुचवितो, हा आपल्याकडील प्रत्यक्ष व्यवहार आहे. शिफारस नसलेले मिश्रण जो सुचवितो, तो त्या सल्ल्याचे दायित्वही पत्करतो. पावती न देणे हा नियमभंग तर आहेच, पण इजा झाल्यावर पुरावाच नाहीसा करणारी ती गोष्ट आहे.

कारखानदाराच्या कर्तव्याचा प्रश्न तर यवतमाळहून थेट स्वित्झर्लंडला पोहोचला. डायफेन्थियुरॉन असलेल्या ‘पोलो’ या कीटकनाशकाने विषबाधा झाल्याचे सांगून सप्टेंबर २०२० मध्ये यवतमाळमधील ५१ बाधित कुटुंबांच्या वतीने सिंजेंटा कंपनीविरुद्ध तेथील शासकीय तक्रार केंद्राकडे दाद मागण्यात आली, आणि दोन विधवा व एक बचावलेला शेतकरी यांनी बासेल येथे भरपाईसाठी कायदेशीर कार्यवाही आरंभिली. कंपनीने आरोप नाकारले. वादातील तथ्य काहीही असो, बाटली बनविणारा आणि ती उघडणारा यांच्यामध्ये समुद्र असला तरी शेजाराचे नाते तुटत नाही, ही कल्पना विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याने न्यायासाठी वापरली, याची नोंद घ्यावयास हवी. मोनोक्रोटोफॉसचे ३६ टक्के द्रावण बंद करण्याचा आदेश केंद्र शासनाने २०२३ मध्ये काढला.

वैद्यकाच्या कर्तव्याबाबत आपल्याकडील आधारभूत निर्णय महाराष्ट्रातील आहे. १९५३ मध्ये पालशेतच्या समुद्रकिनारी मांडीचे हाड मोडलेल्या विशीतील युवकाचा पुण्यात उपचारांदरम्यान मृत्यू झाला. त्याच्या पित्याने लावलेल्या दाव्यात ३,००० रुपयांची भरपाई मंजूर झाली आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्रिंबक बापू गोडबोले या नावाने तो निर्णय प्रसिद्ध आहे. रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरविताना, कोणता उपचार करावा हे ठरविताना आणि तो करताना, अशा तिन्ही टप्प्यांवर वैद्याने वाजवी काळजी घेतली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या फवारणीच्या रुग्णास तेथे उतारा नसेल तर पुढे पाठविण्याचा निर्णय किती लवकर झाला, हा प्रश्न या पहिल्याच टप्प्यात येतो.

शिक्षक व पंचायत सदस्य यांनाही हे तत्त्व लागू आहे, ते थोडक्यात सांगतो. २८ मे १९९५ रोजी डलहौसी पब्लिक स्कूल या शाळेच्या सहलीतील १४ मुले बियास नदीत बुडाली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेची व शिक्षकांची जबाबदारी मान्य करून प्रत्येक मुलामागे ५ लाख रुपयांची भरपाई कायम ठेवली. दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा १९५१ मध्ये कोसळला. बांधकाम नगरसंस्थेच्या ताब्यात असल्याने ते का पडले याचा खुलासा तिनेच करावयाचा, असे १९६६ मध्ये ठरले. जीर्ण शाळाखोली किंवा कठडा नसलेली सार्वजनिक विहीर यांची पडताळणी ग्रामपंचायतीने याच नजरेने करावयाची आहे. विजेच्या जिवंत तारेबाबत तर हयगय सिद्ध करण्याचीही गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मध्य प्रदेश वीज मंडळाच्या खटल्यात सांगितले.

साहाय्य आणि हक्क

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत जंतुनाशके हाताळताना होणाऱ्या विषबाधेचा समावेश आहे, आणि मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. परंतु ही योजना वहितीधारक खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यापुरती आहे. ज्याच्या नावे सातबारा नाही, तो मजूर त्यात बसत नाही. म्हणजे पंप ज्याच्या पाठीवर असण्याचा संभव सर्वांत अधिक, त्याच्यासाठी सानुग्रह अनुदानाचा हा दरवाजा बंद आणि अपकृत्याच्या दाव्याचा उघडा, अशी स्थिती आहे. आणि हा दावा त्याला सहसा सुचत नाही. मालक त्याच गावचा असतो, हंगामाची उचल घेतलेली असते, पुढच्या वर्षीचे काम त्याच्याचकडे असते.

तरीही मार्ग माहीत असणे अवश्य आहे. मृत्यू झाल्यास १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाखाली पत्नी, पती, आईवडील व मुले यांच्यासाठी भरपाई मागता येते; मुदत मृत्यूच्या दिनांकापासून दोन वर्षांची आहे. दोन वर्षे दुःखात आणि कर्ज निवारण्यात सहज निघून जातात. पुराव्याचे काम मात्र पहिल्याच दिवशी होते. कीटकनाशकाचा डबा किंवा बाटली फेकून न देता झाकण लावून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी; त्यावरील नाव व गट क्रमांक उतरवून घ्यावा; खरेदीची पावती सांभाळावी. रुग्णालयाच्या कागदावर ‘फवारणी करताना विषबाधा’ अशी स्पष्ट नोंद व्हावी, कारण हेतूपूर्वक विषप्राशन अशी नोंद झाल्यास पुढची सारी वाट अडते. विषबाधेच्या घटना कळविण्याचे बंधन अधिसूचनेद्वारे घालण्याचा अधिकार कीटकनाशक अधिनियमाच्या कलम २६ ने राज्य शासनास दिला आहे. परंतु अशी घटना तलाठी, कृषी सहायक व आरोग्य केंद्र यांच्या कानी घालण्यास पोलीस पाटील किंवा सरपंच यांनी कशाचीही वाट पाहण्याचे कारण नाही.

वकिलाचा खर्च हा मोठा अडसर समजला जातो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेखालील उत्पन्न असलेली कोणतीही व्यक्ती यांना विनामूल्य वकील मिळतो. मृताच्या विधवेस तर उत्पन्नाची अटही नाही. बोरी अरब परिसरातील कुटुंबास यासाठी दारव्हा येथील न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.